निशाण इंग्रजांचे, माल कोणाचा? कान्होजी आंग्रे आणि दस्तकाचा वाद

१/ अठराव्या शतकाच्या आरंभी कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या परक्या गलबताला सरखेल कान्होजी आंग्रे यांचे दस्तक, म्हणजे शुल्क भरून मिळणारा परवाना, घ्यावे लागे. दस्तक नसेल तर माल जप्त होई. पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’च्या रूपाने हीच पद्धत आधी दोनशे वर्षे चालवली होती.

२/ ईस्ट इंडिया कंपनीला आंग्र्यांचा हा अधिकार मान्य नव्हता. तरीही १७१३ मध्ये दोघांत तह झाला. कान्होजींनी इंग्रजांची जहाजे अडवू नयेत आणि इंग्रजी निशाण केवळ इंग्रजांच्याच जहाजांवर लागावे, असा त्याचा आशय होता.

३/ वादाचे मूळ या दुसऱ्या अटीत होते. कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर येत आणि खासगी व्यापारावर श्रीमंत होत. एखाद्या हिंदी व्यापाऱ्याचा माल इंग्रजी निशाणाखाली गेला, की दस्तकाचे शुल्क बुडे.

४/ काही वर्षांतच आंग्र्यांनी ‘सक्सेस’ हे जहाज पकडले. निशाण इंग्रजांचे होते. मालक मात्र कंपनीचा हिंदी दलाल होता. दलालाचे जहाज इंग्रजांचे मानायचे की नाही?

५/ आजच्या कायद्याने हा प्रश्न कसा तपासता येईल? भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १७ नुसार विधान नुसते खोटे असून भागत नाही. फसवण्याचा हेतू असावा लागतो. वस्तुस्थिती जाणूनबुजून लपवणे हेही कपटच. म्हणजे दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील: माल खरोखर कोणाचा होता, आणि निशाण लावणाऱ्याचा हेतू काय होता. पहिलीसाठी हिशेबाच्या वह्या पाहाव्या लागतील, दुसरीसाठी पत्रव्यवहार.

६/ पण पुरावा मांडायचा कोणापुढे? मुंबईचे न्यायालय कंपनीचे, कुलाब्याचा निवाडा आंग्र्यांचा. जप्तीत आंग्र्यांचा लाभ होता, सुटकेत कंपनीचा. उभयमान्य पंच नव्हता आणि वाद रणांगणात गेला. १७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बूनने खांदेरीवर आरमार धाडले; १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. दोन्ही मोहिमा फसल्या. इंग्रजी दप्तरात मात्र कान्होजी ‘चाचा’ ठरले.

७/ पुढे बंगालमध्ये हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. कंपनीच्या दस्तकाआड खासगी माल बिनजकात फिरू लागला. अखेर १७६३ मध्ये नवाब मीर कासीमने सर्वांचीच अंतर्गत जकात माफ केली. ही सवलत कंपनीच्या कौन्सिलला सहन झाली नाही आणि युद्ध पेटले.

८/ आज रायगडच्याच किनाऱ्यावर, न्हावा-शेवा बंदरात, कागदावरचा माल आणि कंटेनरमधला माल ताडून पाहिला जातो. तफावत आढळल्यास सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार माल जप्त होऊ शकतो. मात्र त्यापूर्वी मालकाला कारणे कळवून त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि निर्णयावर अपीलही करता येते. कान्होजी आणि बून यांच्यामध्ये नेमकी हीच पायरी नव्हती.