लिलावातल्या जिपा

गाडी उचलून घेणं, मोठे टायर घालणं, पाटे मऊ करणं ही सगळी हौस परदेशी कॅटलॉगमधून आली, असं माझ्याकडे थार आणि व्ही-क्रॉस घेऊन येणाऱ्या तरुण गिऱ्हाइकांना वाटतं. त्यांना दोष देत नाही, त्यांनी तेवढंच पाहिलंय. पण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी जिपांखाली पाठ घासली, त्यांना ठाऊक आहे की ही विद्या इथे हौशीच्या कितीतरी आधीपासून होती आणि ती गरजेपोटी शिकली गेली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्या पिढीतले. त्यांच्या हाताखाली पाने पुसत मी शिकलो. आमच्या या धंद्याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून मला ठाऊक आहे तेवढा लिहितो.

जीप मुळात लढाईची. १९४० साली अमेरिकन लष्कराला चारही चाकांना ओढ असलेली हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम या लहानशा कंपनीने करून दिला, पण मोठी कामं गेली टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडकडे आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या काढल्या. विलीजचा जीव तिच्या इंजिनात होता. बार्नी रूस या इंजिनिअरने घडवलेलं २.२ लिटरचं, साठ हॉर्सपॉवरचं इंजिन. के. सी. महिंद्र अमेरिकेत असताना या रूसशी त्यांची गाठ पडली. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर कंपनीतले भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४९ साली मुंबईत माझगावला सुटे भाग जुळवून जीप उभी राहू लागली.

पुढे आली ती सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची. इंजिनातले इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर घ्यावं लागलं. अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतर पुष्कळ वर्षं चालला.

या जिपा सुरुवातीला चालवल्या कुणी? प्रामुख्याने सरकारने. कोयनेचं धरण १९५६ ते १९६४ बांधलं गेलं, तेव्हा इंजिनिअर त्या डोंगरात जिपांतूनच फिरत. पाटबंधारे, वनखातं, १९५८ पासून मलेरिया निर्मूलनाच्या फवारणीच्या तुकड्या, साखर कारखान्यांचे शेतकी अधिकारी, सगळ्यांच्या दाराशी जीप. या गाड्या थकल्या की त्यांचा लिलाव व्हायचा. मिलिटरीचाही लिलाव निघायचा. आमचा धंदा उभा राहिला तो या लिलावांवर. राधानगरी, गगनबावडा, चंदगड या भागातले बागायतदार, लाकूड ठेकेदार, बॉक्साइटच्या खाणीवर काम घेणारे लोक लिलावातली जीप उचलायचे आणि ट्रकला बांधून उद्यमनगरात आणायचे. इंजिन जाम, पाटे सपाट, हूड फाटलेलं. त्यांना ती गाडी शोभेसाठी नको होती. आषाढात दाजीपूरच्या वाटेने किंवा खाचरांच्या बांधावरून माल आणि माणसं घेऊन ती वर चढली पाहिजे, एवढंच मागणं.

चढायची क्षमता गाडीत आधीच होती, हे आबांनी मला हिशोब मांडून दाखवलं. थ्री-बीच्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचं प्रमाण २.७९८. मागच्या ट्रान्सफर केसच्या लो गिअरचं २.४६. एक्सलच्या हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार केला की साधारण ३७ येतो. म्हणजे इंजिन सदतीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिनाचा जोर थोडका असला तरी चाकाशी तो सदतीसपट होऊन पोचतो. म्हणून लो गिअरमध्ये टाकलेली जीप ॲक्सिलरेटरला पाय न लावताही दगडांवरून पुढे सरकते. आजही नवीन गाडी घेताना पोरं हॉर्सपॉवर विचारतात. मी त्यांना हा गुणाकार करायला लावतो.

बिघडायचं ते दुसरीकडे. जुन्या जिपेच्या स्टेअरिंगमध्ये पुढच्या आडव्या मेंबरवर एक कोपऱ्यासारखा फिरता तुकडा असतो, त्याला बेलक्रँक म्हणतात. स्टेअरिंगचा रॉड त्याच्या एका टोकाला, चाकांकडे जाणारे टायरॉड दुसऱ्या टोकाला. तो एका खुंट्यावर फिरतो आणि खुंट्याभोवतीचा बुश झिजला की सगळी गाडी बेताल होते. स्टेअरिंग चार बोटं फिरवावं तेव्हा चाकाला कळतं. घाटात हा प्ले जीवघेणा. मूळ बुश मिळायचे नाहीत. मग खुंट्याचा व्यास मोजून शेजारच्या लेथवर गनमेटलचा बुश काढायचा, आतून ग्रीससाठी बारीक खाच पाडायची, ठोकून बसवायचा. उद्यमनगरात फाउंड्री आणि लेथ शेजारी-शेजारी असल्याने हे जमायचं. सकाळी मोडलेला भाग संध्याकाळी नवा होऊन यायचा. याच कारणाने कोल्हापुरात जीप टिकली, असं माझं ठाम मत आहे.

पाट्यांचं काम मात्र लोहाराचं, आणि ते पाहत राहावंसं काम होतं. कमानपाटे सपाट झाले की यू-बोल्ट काढून ते गाडीपासून सोडवायचे, मधला सेंटर बोल्ट काढून पानं सुटी करायची, कुठलं पान कुठल्या क्रमाने होतं ते खडूने लिहायचं. जमिनीवर खडूनेच नव्या कमानीची रेघ काढायची. मग एकेक पान भट्टीत लाल करून ऐरणीवर त्या रेघेबरहुकूम वाकवायचं आणि जुन्या इंजिन ऑइलमध्ये बुडवायचं. इथवर कुणीही करेल. कसब पुढे आहे. तेलातून काढलेलं पान काचेसारखं कडक असतं, तसंच बसवलं तर पहिल्या ओढ्यात मोडणार. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं आणि वर वाळक्या लाकडाची काठी घासायची. काठीचा भुसा चमकायला लागला की तापमान बरोबर. तिथे भट्टीतून बाहेर काढून हवेत गार होऊ द्यायचं. आमच्या शेजारचा लोहार हे काम करताना कुणाशी बोलत नसे. त्याने कमान दिलेले पाटे वर्षानुवर्षं बसत नसत. आज रेडीमेड पाटे मिळतात, चांगलेही मिळतात, पण ज्याला घडवण्याची रीत ठाऊक आहे त्यालाच विकत घेतलेला पाटा कसा आहे ते हाताळून कळतं.

पाट्यांची जागा बदलणं ही पुढची पायरी. मूळ जिपेत पाटे हाऊसिंगच्या खालून जातात. ते वरून घेतले की गाडी एकदम पाच-सहा इंच उठते. आज याला लोक मोठं नाव देतात. आमच्याकडे ऊसवाले आणि लाकूडवाले हे फार पूर्वी करून घ्यायचे, कारण वाटेतल्या दगडाला हाऊसिंग आदळायचं. पण गाडी उठली की तिच्या पोटातले सगळे कोन बदलतात. शाफ्ट तिरका होतो, क्रॉस लवकर खातो, पिनियनचं तोंड वर करावं लागतं. स्टेअरिंगचा रॉड उभा होतो आणि खड्ड्यात गाडी स्वतःहून वळते. ब्रेकचा होज ताणला जातो. आबा सरळ सांगायचे, “पाटील, गाडी उंच करून देतो, पर शाफ्टाचं अन् स्टेअरिंगचं काम त्याच्यासंगट करायचं. निम्मं काम मी हातात घेत नाही.” काही गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडे गेली. मीही हाच नियम पाळतो.

मग आला डिझेलचा जमाना. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव चढले आणि पेट्रोलची जीप शेतकऱ्याला परवडेना. महिंद्रनेही डिझेल जिपा काढल्या. ट्रॅक्टरच्या बी-२७५ वरून घेतलेलं एमडी-२३५० इंजिन आलं, पुढे प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन आलं, आणि ते घातलेली एमएम-५४० ऐंशीच्या दशकाच्या मध्याला रस्त्यावर दिसू लागली. पण ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती ते काय करणार? ते आमच्याकडे यायचे. जुन्या मॅटाडोरचं इंजिन, आकुर्डीला मर्सिडीजच्या परवान्याने बनणारं, जिपेत बसवून द्या म्हणायचे.

हे काम म्हणजे गॅरेजची परीक्षा. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घरचे, त्यांची बोल्टांची भोकं जुळत नाहीत. मध्ये जाड लोखंडी अडॅप्टर प्लेट लागते. ती कापणं सोपं, मध्यावर आणणं अवघड. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य जरासा जरी चुकला तरी क्लच थरथरतो आणि पायलट बेअरिंग खाल्लं जातं. आबा फ्लायव्हीलवर डायल गेज लावून एक एक फेरा फिरवत, काटा बघत, प्लेट सरकवत. मध्य सापडला की डॉवेल पिनांची भोकं पाडायची, म्हणजे पुढे गिअरबॉक्स कितीदाही उतरवला तरी तो त्याच जागी बसेल. शिवाय डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे बसायचे. तिथे एक पान वाढवावं लागे. रेडिएटर मोठा, इंजिनाचे माउंटिंग नवे. सगळं झाल्यावर आरटीओत गाडी दाखवून आरसी बुकावर नवीन इंजिनाची नोंद करून घ्यायची. ती नोंद आबा कधी चुकवू देत नसत.

याच काळात वडाप, म्हणजे जिपांतून चालणारी खासगी प्रवासी वाहतूक, वाढलं. लांब बॉडीच्या जिपेत, पुढे ट्रॅक्समध्ये, आत दाटून, मागे लोंबकळत माणसं. वडापवाल्यांना पाटे कडक हवेत, पान वाढवून हवंय. आज ऑफरोडवाल्याला नेमकं उलटं पाहिजे. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबावं, दुसरं दगडावर चढावं, चारही जमिनीला टेकलेली राहावीत, म्हणजे ओढ सुटत नाही. त्यासाठी पानं कमी आणि लांब, शॅकल लांब. दोन्ही कामं एकाच ज्ञानावर चालतात. पिकअपवाल्याची अडचण अशी की त्याला दोन्ही पाहिजे असतं. आठवडाभर दूध किंवा भाजी भरून चालवायची आणि रविवारी रिकामी गाडी डोंगरात न्यायची. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी, पाटे कडक, म्हणून चिखलात मागची चाकं उडतात आणि जागच्या जागी फिरतात. त्यांना मी पान काढायला सांगत नाही. मागे वाळूची पोती टाका आणि टायरची हवा कमी करा म्हणतो. फक्त परत डांबरीवर येण्याआधी हवा भरा.

पाण्याचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे गाडीचा नाश चिखलापेक्षा ओढ्याने जास्त होतो. घाट चढून तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सिलामधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काहीच कळत नाही. पावसाळ्यानंतर ड्रेनचा बोल्ट सोडला आणि तेल ताकासारखं पांढरं आलं, तर बेअरिंगांचे दिवस भरले समजायचे. उपाय स्वस्त आहे. हाऊसिंगच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटपर्यंत न्यायची. जुने ड्रायव्हर खोल पाण्याआधी पंख्याचा बेल्टही काढून ठेवत, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही. पुढच्या एक्सलच्या गोल नकलमध्ये ग्रीस आणि बाहेर फेल्टचा सील असे. ते फेल्ट दर पावसाळ्यानंतर बदलायचंच, हा आबांचा दंडक होता.

२०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल गाडीत करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून होतं, त्याचा अर्थ आता पक्का झाला. अवघड वळणावर उंच केलेली, ब्रेक न सुधारलेली गाडी समोरून आली तर काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून या निर्णयामागची काळजी मला पटते. तरी एक गोष्ट मनापासून मागावीशी वाटते. पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय आहे, अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) लष्करी वाहनं तपासणारी व्हीआरडीई आहे. गाड्या कुठे मोडतात हे या देशात कुणाला ठाऊक असेल तर त्यांना. डोंगरातल्या गाडीसाठी पाटे, शॅकल, ब्रीदर, टायर यांचे ठरावीक बदल त्यांनी तपासून मान्य करावेत, ते बसवणाऱ्या गॅरेजना परवाना द्यावा, आणि बदल आरसीवर चढावा. आबांच्या वेळी अख्खं इंजिन बदललं तरी त्याची नोंद व्हायची. आज गगनबावड्याच्या शेतकऱ्याने पिकअपचा शॅकल बदलला तर तो चोरून बदलावा लागू नये.