वेळेचे पथ्य : प्रस्तावना

“पेजेवांगडा गोळी घेतली तर चलात मां?” एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारकेंद्राच्या, औषधखिडकीपाशी मालवणी मुलखातला माणूस असे विचारतो, तेव्हा तो एका फार जुन्या वाटेने आलेला असतो. आपल्याकडे औषध आले की पथ्य आलेच. काढ्यावर आंबट वर्ज्य, मात्रेवर तेलकट वर्ज्य, हे आजीने सांगितलेले असते. एचआयव्हीवरच्या आजच्या गोळीपुरते उत्तर दिलासा देणारे आहे: पेजेबरोबर घ्या, माशाच्या कढीबरोबर घ्या, उपाशीपोटी घ्या, चालते. या गोळीचे पथ्य ताटापेक्षा घड्याळाशी अधिक बांधलेले आहे. रोज एक, ठरल्या वेळी, आणि जन्मभर.

हे उत्तर एका वाक्याचे आहे, पण त्याच्या पाठीशी विषाणूशास्त्र आहे, औषधशास्त्र आहे, समुपदेशन आहे, कायदा आहे आणि घरातली माणसे आहेत. हे सारे जिथे एकत्र येते, त्या अभ्यासक्षेत्रात वाचकाचे मनापासून स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे. एकच म्हणणे तिच्या मुळाशी आहे. औषधाची सुरक्षितता कारखान्यात अर्धीच तयार होते. उरलेली अर्धी रोजच्या रोज घरात तयार करावी लागते, आणि ते काम गोळी घेणाऱ्या एकट्या माणसावर टाकून चालत नाही.

थोडे मागे जाऊ. एचआयव्हीवरचे पहिले मान्यताप्राप्त औषध झिडोव्ह्युडीन १९८७ साली अमेरिकेत आले. ते दर चार तासांनी, रात्रीची झोप मोडूनही घ्यावे लागे. रक्त कमी होई, आणि एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुजली आणि मरणाच्या दारातली माणसे कामावर परतू लागली. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘सिप्ला’ या औषधकंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा पुरवठा ३५० डॉलरमध्ये देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी. त्यानंतर १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने आठ सरकारी रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केले. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

त्या पहिल्या काळातल्या गोळ्यांनी जीव वाचवले आणि त्याची किंमतही वसूल केली. स्टॅव्ह्युडीनने गालांची चरबी ओसरे, पायांची आग होई. नेव्हिरॅपीनने अंगावर पुरळ उठे, कधी यकृताला इजा होई. एफाव्हिरेंझने स्वप्नांचा छळ होई, म्हणून ते रात्री झोपताना देत. ही औषधे घेत राहिलेल्या माणसांच्या सोसण्यातूनच हे शास्त्र शिकले. आज गोळी बदलली आहे, ती त्यांच्यामुळे.

आजच्या गोळीत तीन औषधे आहेत: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडीन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. पहिली दोन विषाणूला स्वतःची नक्कल करू देत नाहीत. तिसरे त्याला आपल्या पेशीच्या जनुकांत शिरू देत नाही. पण आधीच शिरून बसलेला विषाणू काही पेशींत निजलेला राहतो. शास्त्रज्ञ त्याला साठा म्हणतात. गोळी त्या साठ्यापर्यंत पोहोचत नाही, ती त्याला फक्त अडवून धरते.

मी हे धामापूरच्या तलावाकाठी लिहीत आहे. १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधलेला हा तलाव आजही पाणी धरून आहे, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. बांध एकदा घातला म्हणून कायमचा होत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. गळती दिसली की त्याच दिवशी बुजवायची, भगदाड पडण्याची वाट पाहायची नाही. गोळीचेही तसेच: ती चुकते तेव्हा रक्तातले औषध ओसरते आणि साठ्यातला विषाणू वाट शोधू लागतो. नक्कल करताना तो सतत चुका करतो, आणि त्यांतली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. लॅमिव्ह्युडीन निकामी करायला विषाणूच्या एका विकरात, १८४ व्या जागेवर, एकच अमिनो आम्ल बदलले तरी पुरते. म्हणून महिन्याच्या ३० गोळ्यांत एखादीहून अधिक चुकू नये, असा दंडक आहे. चुकलीच, तर आठवताक्षणी घ्यावी. पुढच्या गोळीला चार तासही उरले नसतील तर ती सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

आता पुन्हा पथ्याकडे येऊ, कारण ताट मोकळे असले तरी शेजारच्या गोळ्या मोकळ्या नाहीत. ॲसिडिटीच्या पातळ औषधांत आणि चघळायच्या गोळ्यांत ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियम असते. ते डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच बांधून ठेवते, म्हणून एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. गरोदरपणात मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर एकत्र चालतात. उपाशीपोटी मात्र हेच अंतर पाळावे लागते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसीन सोबत असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढते, म्हणून डॉक्टर त्याचा डोस साधारणतः दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. फेफऱ्यावरची काही औषधेही या गोळीचा जोर कमी करतात. शेतात कंबर मोडली की दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी साधी वाटते, पण ती वारंवार घेतली तर टेनोफोव्हिरसोबत मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी ठरल्या वेळी व्हावी, आणि झाडपाल्याच्या औषधासकट जे काही पोटात जाते ते डॉक्टरांना निःसंकोच सांगावे.

एक धोका विशेष ठसवायला हवा. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडीन ही दोन्ही कावीळ ‘ब’च्या विषाणूलाही दाबून धरतात. ज्यांना ती कावीळ आहे त्यांनी “आता बरे वाटते” म्हणून गोळी परस्पर बंद केली, तर यकृताचा आजार अचानक उसळू शकतो. पुरळ, डोळ्यांत पिवळेपणा, सततची ओकारी, झोप उडणे, मन खचणे यांपैकी काहीही झाले तर केंद्रावर जावे. गोळी बदलता येते. ती बदलण्याचा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा, उंबऱ्याच्या आत एकट्याने घेऊ नये.

आणि उंबऱ्याच्या आतच या शास्त्राचा सर्वांत अवघड भाग आहे. गावातून ओरोसच्या एआरटी केंद्रावर जायचे तर एसटीत ओळखीचे कुणीतरी भेटतेच, आणि “खंय चललंस?” या साध्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी येतात, घर भरते, आणि बाटली तांदळाच्या पिंपात लपवणाऱ्या सुनेची वेळ चुकते. बोटीवर चार दिवस गेलेल्या खलाशाच्या पिशवीत गोळ्या असतात, पण सर्वांदेखत बाटली उघडणे त्याच्याने होत नाही. यांना आपण बेफिकीर म्हणतो, तेव्हा आपलीच चूक असते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करण्यास आणि नोकरी, शिक्षण वा उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. गुप्ततेचा हा हक्क गोळीइतकाच औषधी आहे. सांगलीच्या ‘संग्राम’ या संस्थेने नव्वदच्या दशकापासून दाखवून दिले, की ज्यांना समाज उपदेशाचा विषय मानतो त्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया एकमेकींच्या उत्तम आरोग्यसेविका होऊ शकतात. मदतीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

या क्षेत्राने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट आनंदाची आहे. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले; त्यात पुण्याचेही केंद्र होते. लवकर उपचार सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला होता. पुढच्या अभ्यासांनी आणखी पुढचे सांगितले: नियमित औषधाने व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ज्या माणसाला स्वतःच्या स्पर्शाची भीती वाटत होती, त्याला हे वाक्य काय देते याची कल्पना करावी.

म्हणून फार्मसीच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक रासायनिक सूत्रांपासून वाचायला हरकत नाही, पण घराच्या प्रकरणापाशी थांबावे. गावच्या आशा सेविकेने तेच प्रकरण आधी वाचावे. जो स्वतः गोळी घेतो त्याने कुठूनही सुरुवात करावी. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हे पुस्तक घेणार नाही, पण त्यांना काय विचारायचे ते त्याला कळेल. आणि जो गोळी घेत नाही, पण घेणाऱ्याच्या घरात राहतो, त्याच्यासाठी एवढेच: रात्री ठरल्या वेळी पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि काही विचारू नये. या शास्त्रात तुमचाही वाटा आहे.

धामापूर, ता. मालवण
नारळी पौर्णिमा