सोब्रालचा आरसा

१९१९ सालच्या २७ मेची रात्र. ब्राझीलमधल्या सोब्राल गावात, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात तुम्ही उभे आहात. यंदा पावसाने ओढ दिली आहे. पायाखाली नुसता फुफाटा. समोर दोन दुर्बिणी आडव्या ठेवलेल्या. एक पोलादी नळीची, भिंग ग्रिनिचच्या वेधशाळेतलं. दुसरी अवघ्या चार इंची भिंगाची, १९ फूट लांब चौकोनी लाकडी नळीची. दोन्ही जागच्या हलत नाहीत. घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा आरसा तारा पकडतो आणि त्याचा प्रकाश नळीत सोडतो.

ग्रिनिचच्या वेधशाळेचे चार्ल्स डेव्हिडसन पोलादी नळीशी वाकले आहेत. परवा सकाळी सूर्याला खग्रास ग्रहण लागणार, पण फोकस आज जुळवायचा, स्वातीच्या ताऱ्यावर. स्वाती कुठे आणि सूर्य कुठे, असं तुम्हाला वाटेल. भिंगाला त्याचं काही नाही. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, स्वाती त्याच्या वीस लाखांहून जास्त पट दूर. तरी दोघांचे किरण भिंगापाशी समांतरच येतात आणि एकाच अंतरावर एकवटतात. तुमच्या आजच्या लेन्सवर त्या जागी आडवा आठ छापलेला असतो. इथे ती जागा शोधून काढावी लागते.

आधी डोळ्याने अंदाज, मग फोटो. फोटोची काच किंचित पुढे, एक फोटो. किंचित मागे, आणखी एक. धुतलेल्या काचेवर स्वातीचे ठिपके भिंगातून बघा: एक पसरट, एक लांबट, एक टोकदार. लांबट ठिपक्यांत दोष आरशाचा आहे, म्हणून भिंगाचा घेर ८ इंचांवर आणला आहे. टोकदार ठिपक्याशी फोकसची पट्टी ११.० मिलिमीटर दाखवते. तिथेच ती कायम होते.

इतकी कसोशी कशासाठी? आइनस्टाइन यांच्या हिशेबाने सूर्याच्या गुरुत्वाने प्रकाश वाकतो, म्हणून त्याच्या कडेला तारा कोनाच्या १.७५ विकलांनी सरकलेला दिसायला हवा. न्यूटनच्या वाटेने गेलात तर निम्माच. या काचेवर १.७५ विकला म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तेहतिसावा ते पस्तिसावा भाग. ठिपका पसरला की त्याचा मध्य शोधणं आलंच, आणि तिथे हे अंतर बुडून जातं.

२९ मे, सकाळ. आभाळ भरलेलं. खग्रासाला मिनिटभर उरलं असताना ढगांत मोठी फट पडते आणि सूर्य नेमका तिच्यात येतो. मेट्रोनोम चालू: ३१० सेकंदांत ३२० ठोके. दर दहाव्या ठोक्याला मदतीला आलेले डॉ. लिओकाडिओ मोठ्याने आकडा सांगतात. डेव्हिडसन काच काढतात, दुसरी सरकवतात. पलीकडे लाकडी नळीवर त्यांचे सहकारी अँड्र्यू क्रॉमेलिन. काळवंडलेल्या सूर्याभोवती वृषभ राशीतला हायडीज तारकागुच्छ आहे. वर बघायला कुणालाही सवड नाही. तुम्ही मात्र बघून घ्या.

काचा धुवायच्या त्या रात्रीच. दिवसा पाणी फार गरम. मातीच्या भांड्यांत ठेवून ते २४ अंशांच्या आसपास आणलं आहे. ३० मे, पहाटेचे ३. पोलादी नळीच्या पहिल्या चार काचा उजेडात येतात. तारे आहेत, पण विस्कटलेले. खोलीत कुणी बोलत नाही. वहीत नोंद होते: फोकस बराच बिघडला आहे, सूर्याच्या उन्हाने आरसा असमान प्रसरण पावला असावा, या काचांमधून फारसं हाती लागेल असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी तपासतात. ११.०! कुणाचा हात लागलेला नाही. स्वातीच्या रात्री आरसा थंड होता, सकाळी त्याच्या तोंडावर ऊन होतं, आणि पट्टीला याचा पत्ताच नाही.

जुलैत सूर्य तिथून सरकलेला. पहाटेच्या अंधारात तेच तारे पुन्हा टिपतात, तुलनेसाठी. तीच नळी, तीच पट्टी, आणि ठिपके पुन्हा टोकदार.

मोजमाप पुढे होतं. चार इंची भिंगाच्या सात नेटक्या काचा १.९८ विकला देतात, विस्कटलेल्या काचा ०.९३. भर पहिल्यावर ठेवला जातो. नकोसा आकडा बाजूला सारला, हा आक्षेप तुम्ही पुढे ऐकाल. मला तो पटत नाही. पहाटे ३ वाजता ती नोंद झाली, तेव्हा त्या काचांवरचा एकही तारा मोजलेला नव्हता.