न्यायवैद्यक मानसिक आरोग्य : शोधनिबंधलेखन व प्रकाशन (जालना जिल्हा)

मनोविकार आणि फौजदारी न्याय यांची जिथे गाठ पडते, त्या क्षेत्रातील अनुभव व संशोधन शोधपत्रिकेत प्रसिद्ध करण्याची रीत. आरोपी खटल्याला सामोरा जाण्याइतका भानावर आहे काय, कृत्याच्या वेळी त्याला त्या कृत्याचे स्वरूप कळत होते काय, मनोरुग्ण कैद्याला उपचार मिळतात काय, आत्महत्येच्या आधी त्या माणसाच्या मनावर काय ओढवले होते, हे या शाखेचे नेहमीचे प्रश्न. अन्य वैद्यकशाखांतील निबंध मुख्यतः डॉक्टर वाचतात. इथे ते वकील आणि न्यायाधीशही वाचतात, आणि त्यांच्या आधारे एखाद्याची शिक्षा ठरू शकते.

छपाईआधीची तज्ज्ञ-तपासणी टाळली गेली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मेंदूतील विद्युत्‌लहरींवरून गुन्ह्याचा अनुभव ओळखता येतो असा दावा करणारी ‘बीईओएस’ चाचणी २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खूनखटल्यात पुरावा म्हणून विचारात घेतली गेली आणि आरोपीला जन्मठेप झाली. त्या तंत्राची स्वतंत्र तज्ज्ञांकडून छाननी होऊन ते मान्यवर शोधपत्रिकेत आलेले नव्हते. त्याच वर्षी बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ते न्यायालयात वापरण्याइतके शास्त्रशुद्ध नसल्याचे मत दिले. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या संमतीविना करण्यास मनाई केली. शोधपत्रिकेतील समीक्षणाला वेळखाऊ सोपस्कार मानणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

निबंध परत येण्याचे एक मोठे कारण म्हणजे निदान आणि कायदा यांची सरमिसळ. स्किझोफ्रेनिया आहे एवढ्यावरून आरोपीची सुटका होत नाही. कृत्याच्या क्षणी आकलनशक्ती हरपली होती, हे दाखवावे लागते. हे तत्त्व भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. घटना कोणत्या तारखेची, त्यावर कोणते कलम लागू हे ठरते, म्हणून लेखकाने दोन्ही नीट सांगावीत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या आरोपातून मुक्त केले, ते घटनेच्या आधीच्या व नंतरच्या आजाराच्या नोंदी समोर होत्या म्हणून. बाह्यरुग्ण विभागातला केसपेपर किती मोलाचा असतो, हे यावरून कळावे.

गोपनीयता हा या लेखनाचा सर्वांत अवघड भाग. १२ एप्रिल २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका कैद्याची फाशी, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकारामुळे रद्द केली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील गोपनीयतेच्या तरतुदीकडे पाहून त्याचे नाव निकालपत्रातही छापले नाही; तो खटला ‘आरोपी क्ष’ म्हणूनच ओळखला जातो. न्यायालय इतके जपते, तर डॉक्टरने त्याहून जास्त जपायला हवे. जालन्यासारख्या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात नाव गाळून भागत नाही. जाफराबाद किंवा मंठा तालुक्यातला खून, महिना, आरोपीचा धंदा, मृताशी नाते, एवढे लिहिले की स्थानिक वर्तमानपत्र वाचणारा कोणीही घर ओळखतो. गाव, तालुका, जात आणि तारीख मजकुरातून काढावी, पण खोटे तपशील घालू नयेत. तसे केल्याने नोंदीचे शास्त्रीय मोलच जाते. ओळख झाकणे शक्य नसेल, तर ते प्रकरण छापू नये.

संमतीबाबत मानसिक आरोग्यसेवा कायद्याचेच कलम ९९ स्पष्ट आहे. संशोधनात सहभागी होणाऱ्या मनोरुग्णाची मुक्त व माहितीपूर्ण संमती हवी, आणि ती त्याला केव्हाही मागे घेता येते. तो संमती देऊ शकत नसेल पण विरोधही करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. अशा रुग्णाच्या केवळ जुन्या नोंदींवर आधारित अभ्यास ओळख गुप्त ठेवून करता येतो. कैद्याच्या बाबतीत कारागृह प्रशासनाची परवानगी वेगळी लागते; ती मिळाली म्हणजे कैद्याची संमती मिळाली असे होत नाही. सही केली तर जामिनाला मदत होईल असे त्याला वाटत असेल, तर ती संमती मुक्त नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कैद्यांचा असुरक्षित गटांत समावेश आहे. एथिक्स कमिटीची मान्यता अभ्यास सुरू होण्यापूर्वीची असावी लागते; नंतर मिळवलेला कागद संपादक स्वीकारत नाहीत.

लेखकाने त्या खटल्यात साक्ष दिली असेल, तर हितसंबंधांच्या निवेदनात तसे लिहावे. अपील प्रलंबित असताना प्रकरण छापणे टाळावे. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून त्यांचे नाव लेखकांत घालण्याची जुनी सवय सोडावी, कारण लेखकत्व प्रत्यक्ष कामाला असते. मसुदा एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठवावा.

कोठे पाठवावे? भारतीय वाचकासाठी ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ ही पहिली निवड. नैतिक पेचांसाठी मुंबईतून निघणारे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’. निव्वळ या शाखेसाठी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ फॉरेन्सिक मेंटल हेल्थ’. पैसे भरताच चार दिवसांत स्वीकृतिपत्र देणाऱ्या पत्रिकांपासून दूर राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य शोधपत्रिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाल्याने पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता लेखक आणि संस्था यांच्यावरच आहे.

मराठवाड्यातून लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. उदाहरणार्थ, शेतकरी आत्महत्यांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. विदर्भातील आत्महत्यांवर डॉ. प्रकाश बेहेरे यांचे लेखन ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त आले. मृताच्या नातलगांशी बोलून, कागदपत्रे पाहून त्याची मनःस्थिती उलगडण्याची ‘सायकॉलॉजिकल ऑटोप्सी’ ही पद्धत जालन्यातही उपयोगी आहे. मात्र दहाव्या-तेराव्याच्या आत त्या घरी प्रश्नावली घेऊन जाऊ नये.

असा अभ्यास करणाऱ्या संस्थांचे पाहता, राज्याची जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालये (ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी) मराठवाड्याबाहेर आहेत; जालन्यासाठी ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयाला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. बदनापूर तालुक्यात वरुडी येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहेच; जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. या संस्थांनी ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’प्रमाणे नोंदणीकृत एथिक्स कमिटी आणि मराठीतील संमतिपत्र, ही दोन्ही पहिला रुग्ण अभ्यासात घेण्याआधी तयार ठेवावीत.