वडाळीचं बांबू उद्यान आणि अमरावतीचे दोन तलाव : लेकरांची सहल, शेतकऱ्याची शाळा

मूर्तिजापूर : सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली की घरची लेकरं कुठंतरी फिरायला न्या म्हणून मागं लागतात. लांब जायला वेळ नसतो आणि पैसाही नसतो. अशा वेळी एका दिवसात जाऊन येण्यासारखं ठिकाण म्हणजे अमरावती शहराच्या कडेचा वडाळी परिसर. तलाव, बगीचा, वनविभागाचं बांबू उद्यान आणि मागे पोहरा-मालखेडचं जंगल असं सगळं तिथं एकाच अंगाला आहे. लेकरांना खेळायला जागा मिळते. आणि ज्याच्या डोक्यात धुऱ्यावर बांबू लावायचा विचार घोळत आहे, त्या शेतकऱ्याला वाढलेला बांबू डोळ्यांनी पाहता येतो. म्हणून या ठिकाणाची सविस्तर माहिती देत आहोत.

कुठं आहे, कसं जायचं

वडाळी हा अमरावतीचा पूर्वेकडचा भाग. चांदूर रेल्वेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, राज्य राखीव पोलीस दलाच्या कॅम्पजवळ हा परिसर येतो. गाडी चालकाला ‘एसआरपी कॅम्प’ किंवा ‘वडाळी’ म्हटलं तरी समजतं. दुसरा तलाव म्हणजे छत्री तलाव. तो दस्तूरनगरकडून मालखेड रस्त्यावर आहे.

मूर्तिजापूरहून रेल्वेने बडनेरा गाठता येतं. तिथून अमरावती शहर साधारण १० किलोमीटर, म्हणजे ऑटो किंवा शहर बस. स्वतःची गाडी असेल तर राष्ट्रीय महामार्ग ५३ सरळ आहे, एका बाजूचं अंतर साठेक किलोमीटर पडतं. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना असं ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. माना आपल्याच तालुक्यातलं गाव. लेकरांना जाताना हे सांगा, रस्ता लवकर सरतो.

तलाव पोहण्यासाठी नव्हते, पिण्यासाठी होते

आज आपण या दोन्ही तलावांना सहलीची जागा म्हणतो. पण ते बांधले ते अमरावतीची तहान भागवायला. छत्री तलाव १८८८ चा आणि वडाळीचा १८९९ चा. त्या काळी आजूबाजूच्या टेकड्यांवरून येणारं पावसाचं पाणी अडवून शहराला आणि कॅम्प भागाला द्यायचं, असा हिशोब होता. पुढे शहर वाढलं. आता अमरावतीला मुख्य पाणी येतं ते सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. तलावांवरचा भार कमी झाला आणि काठावर बगीचे झाले.

हे फक्त अमरावतीचं नाही. मुंबईत बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. लोक तिथं फिरायला जातात, पण त्याच जंगलाच्या कुशीत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेले आणि आजही त्यांचं पाणी मुंबईला जातं. आपलं मूर्तिजापूर शहर ज्या पाण्यावर जगतं, ते महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणीसुद्धा अभयारण्याला लागूनच साठतं. जंगल टिकलं तर माती धरून राहते, माती राहिली तर तलावात गाळ कमी येतो. सहलीला गेल्यावर प्लास्टिकची पन्नी पाण्यात टाकायच्या आधी एवढं आठवावं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वडाळी तलावाकाठचा बगीचा महानगरपालिकेचा आहे आणि बांबू उद्यान वनविभागाचं. कारभार वेगळा, गेट वेगळं. एक बंद दिसलं म्हणून परत फिरू नका, दुसरीकडे विचारा. नौकाविहार आणि खेळणी दुरुस्तीच्या काळात बंद राहतात, तेव्हा लेकरांना घरून निघताना नावेचं कबूल करून बसू नका.

बांबू उद्यानात काय पाहायचं

बांबू उद्यानात साठीच्या घरात बांबूच्या जाती एका जागी लावलेल्या आहेत. आपल्याला बांबू म्हणजे एकच वस्तू वाटते: मांडवाला लागतो तो, शिडीला लागतो तो. इथं आलं की कळतं, बांबूत केवढा फरक असतो. कुठला मनगटाएवढा, कुठला मांडीएवढा. कुठला हिरवा, कुठल्या पिवळ्या कांडीवर हिरव्या रेघा. कुठल्या जातीची पेरं मडक्यासारखी फुगलेली असतात.

लेकरांना सांगायची पहिली गोष्ट म्हणजे बांबू हे झाड नाही, ते गवत आहे. आपली ज्वारी, गहू, ऊस ज्या कुळातले, त्याच कुळातला बांबू. पावसाळ्यात जमिनीतून कोंब निघतो तो जेवढा जाड असतो, तेवढाच तो काठी झाल्यावरही राहतो. झाडाच्या खोडासारखा वर्षागणिक जाड होत नाही. दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि मग पुढची दोन-तीन वर्षं फक्त आतून टणक होत जातो. म्हणून उंच झाला म्हणजे तोडायला आला, असं होत नाही.

शेतकऱ्याने ओळखायच्या जाती

*मानवेल :* विदर्भातल्या जंगलांचा हा मूळचा बांबू. मेळघाटातही हाच. कांडी भरीव किंवा जवळपास भरीव असते. लाठी, कुऱ्हाडीचा दांडा, शिडी यासाठी हा चालतो. कमी पावसात तग धरतो. कोरडवाहूवाल्याने आधी हा पाहावा.

*कटांग :* काटेरी बांबू. बेट दाट होतं, कांडी जाड आणि आतून पोकळ. नाल्याकाठी माती धरून ठेवायला चांगला, ढोरं आत शिरत नाहीत. पण काट्यांमुळे तोडणीला मजूर लवकर तयार होत नाही. बेटाशी उभं राहिलं की हे लगेच समजतं.

*बाल्कोआ आणि टुल्डा :* हे पूर्वेकडून, आसाम-बंगालच्या बाजूने आलेले. जाड, उंच, बांधकामाला मागणी असलेले. पाणी मात्र मानवेलपेक्षा जास्त मागतात.

*माणगा :* कोकणातला. भरीव, सरळ, बिनकाट्याचा.

पाहताना तीन गोष्टी बघा. बेटाचा घेर किती झाला, बेटाखाली दुसरं काही उगवतं का, आणि सावली किती लांब जाते. दोन पायांनी मोजून घ्या. वावराच्या धुऱ्यावर हेच बेट उभं राहिलं तर पऱ्हाटीच्या किती तासांवर सावली पडेल, याचा अंदाज तिथंच येतो. कागदावरच्या माहितीपत्रात ही गोष्ट दिसत नाही.

लावायचा असेल तर आधी हे समजून घ्या

गेल्या काही वर्षांत बांबू लावा म्हणून सगळीकडून सांगणं चालू आहे. कारणही आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये बांबू ‘झाड’ या व्याख्येत धरला होता, त्यामुळे स्वतःच्या वावरातला बांबू तोडून नेतानाही वाहतूक परवान्याचं लचांड मागे लागायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने ही व्याख्या बदलली. आता वनक्षेत्राबाहेर, खासगी जमिनीवर लावलेला बांबू त्या व्याख्येत येत नाही. राज्यात अटल बांबू समृद्धी योजना आली, रोजगार हमीतूनही लागवड झाली. सध्या कोणत्या योजनेत किती अनुदान आहे, हे सांगण्यावर न जाता तालुका कृषी कार्यालयात किंवा वनविभागाच्या सामाजिक वनीकरण कार्यालयात विचारावं. आकडे वर्षावर्षाला बदलतात.

पण अनुदानाआधी जमीन पाहा. मूर्तिजापूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बांबूला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही आणि जास्त खारवट जमीनही मानवत नाही. काळ्या खोल जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबून राहतं, तिथं रोप पहिल्याच वर्षी पिवळं पडतं. नाल्याकाठची, उताराची, निचऱ्याची जागा बरी. लावण्याआधी माती तपासून सामू आणि क्षारांचं प्रमाण काढून घ्या. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्याला जवळ आहे, सल्ला तिथं मिळतो.

अंतराचा हिशोब सोपा आहे. ५ बाय ५ मीटरवर लावला तर एकरात साधारण १६० रोपं बसतात. पहिली तोडणी यायला चार-पाच वर्षं जातात. तोवर मधल्या जागेत पहिली दोन-तीन वर्षं आंतरपीक घेता येतं. तोडताना तीन वर्षांवरच्या काठ्याच काढायच्या, कोवळ्या राहू द्यायच्या. पावसाळ्यात नवे कोंब निघतात, तेव्हा विळा-कुऱ्हाड लावायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी रोप विकणारा सहसा सांगत नाही. बांबू आयुष्यात एकदा फुलतो. मानवेल, कटांग यांचा हा काळ साधारण पंचवीस ते पंचेचाळीस वर्षांचा. एकदा फुलोरा आला, बी पडलं की ते बेट वाळून मरतं. बियांपासून तयार झालेल्या रोपाला पुढचा पूर्ण काळ मिळतो. पण कंद काढून, फांदीपासून किंवा ऊतिसंवर्धनातून केलेलं रोप हे वयाने त्याच्या आईएवढंच असतं. आई बेट तीस वर्षांचं असेल तर आपलं नवं रोपही तीस वर्षांचं धरावं. म्हणजे चार-पाच वर्षं जपायचं आणि उत्पन्न सुरू होता होता फुलोरा येऊन सगळं वाळायचं, अशी पाळी येऊ शकते. म्हणून रोप घेताना दोन प्रश्न विचारा: रोप कशापासून केलं, आणि आई बेटाचं वय किती? उत्तर मिळत नसेल तर घाई करू नका. कापूस चुकला तर एक हंगाम जातो, बांबू चुकला तर वावराचा तुकडा काही वर्षं अडकून पडतो.

विक्रीचंही आधीच पाहून ठेवा. बांबू वजनापेक्षा जागा जास्त खातो, त्यामुळे गाडीभाडं महाग पडतं. घेणारा किती लांब आहे आणि भाव नगावर देतो की टनावर, हे लावण्याआधी विचारायचं. आपल्याकडचे बुरूड बांधव सूप, टोपली, दुरडी, तट्टे करतात, त्यांना कोणता बांबू लागतो हेही विचारून पाहा. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र आहे. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी ते उभं केलं. तिथल्या कारागिरांनी घरांपासून राख्यांपर्यंत बांबूच्या वस्तू केल्या. नुसती काठी विकण्यापेक्षा वस्तू विकली तर मोल वाढतं, याचं हे वऱ्हाडातलंच उदाहरण.

मागे जंगल आहे, हे विसरू नका

वडाळी आणि छत्री तलावाच्या मागून पोहरा-मालखेडचं जंगल सुरू होतं. तिथं रोही, चितळ, रानडुक्कर, मोर आहेत आणि बिबटही आहे. वडाळी, कॅम्प आणि विद्यापीठाच्या परिसरात बिबट दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. घाबरून जायचं काम नाही, पण शिस्त पाळावी लागते.

उरलेलं जेवण तिथंच फेकलं की कुत्री आणि डुकरं गोळा होतात. त्यांच्या मागे बिबट येतो. म्हणजे बिबट्याला वस्तीकडे बोलावणारे आपणच असतो. उष्टं-खरकटं पिशवीत भरून परत आणा. दिवस मावळायच्या आत निघा. लहान लेकरं पुढे पळू देऊ नका, मोठ्यांच्या मधात चालवा.

पाण्याचंही तसंच. तलाव दिसायला शांत असतो, पण काठ गाळाचा असतो आणि खोली कळत नाही. पोट्टे पोहता येतं म्हणून उतरतात आणि गाळात पाय अडकतो. सेल्फीसाठी भिंतीच्या टोकावर जाणं, बंदी असलेल्या ठिकाणी पाण्यात उतरणं टाळाच.

जाण्याआधी ही यादी पाहा

– चांगला काळ ऑगस्ट ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नवे कोंब दिसतात, थंडीत फिरायला सोपं जातं. उन्हाळ्यात गेलात तर सकाळीच जा.
– तिकीट, वेळ आणि सुट्टीचा वार बदलतो. अमरावतीत ओळखीचं कोणी असेल तर आदल्या दिवशी विचारून घ्या.
– पाणी आणि शिदोरी सोबत ठेवा, पण प्लास्टिकच्या पन्नीत नको, डब्यात न्या.
– पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घाला. बेटाच्या बुडाशी हात घालू नका, पालापाचोळ्यात साप-विंचू असतो.
– बांबूवर नाव कोरू नका, कोंब मोडू नका. मोडलेल्या कोंबाची काठी पुन्हा होत नाही.
– वही-पेन न्या. आवडलेल्या जातीचं फलकावरचं नाव लिहून घ्या, फोटो काढा. रोपवाटिकेत गेल्यावर तेच नाव सांगून मागता येतं.

शाळेची सहल न्यायची असेल तर मुख्याध्यापकांनी वनविभागाला आधी पत्र द्यावं. गावातले पाच-दहा शेतकरी मिळून जात असतील तर त्यांनीही तसंच करावं. माहिती सांगणारा माणूस सोबत असला की त्याच फेरीत दुप्पट कळतं. खर्च होतो तो जाण्या-येण्याच्या भाड्याचा. त्या बदल्यात पुढची तीस वर्षं धुऱ्यावर काय उभं राहणार आहे, ते आजच पाहून घेता येतं.