बोएथियसची अपुरी यादी

तौलनिक साहित्यात एम.ए. करत असताना आम्हाला युरोपीय विचारपरंपरेवर एक पेपर होता. त्याच्या टिपणांच्या पहिल्याच पानावर वाक्य होतं: पाश्चात्त्य शिक्षणाचा पाया प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांनी घातला. परीक्षेत मी ते जसंच्या तसं उतरवलं आणि गुण मिळवले. पुढे भाषांतर हेच पोटापाण्याचं काम झालं, तेव्हा त्या वाक्यातलं ‘घातला’ हे क्रियापद खटकू लागलं. ग्रीकमध्ये लिहिलेली पुस्तकं ग्रीक न येणाऱ्या मुलांच्या शाळेचा पाया कशी होतील? मध्ये कुणीतरी बसून ती उतरवलेली असणार. कुणी, कधी, आणि मुख्य म्हणजे किती?

‘किती’चं उत्तर कळल्यावर मी चक्रावले. बाराव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपातल्या लॅटिन शाळांमध्ये ॲरिस्टॉटल म्हणजे प्रामुख्याने तर्कशास्त्रावरच्या दोन छोट्या पुस्तिका, ‘कॅटेगरीज’ आणि ‘ऑन इंटरप्रिटेशन’. प्लेटो म्हणजे ‘टिमियस’ या एका संवादाचं कॅल्सिडियसने चौथ्या शतकात केलेलं अर्धंमुर्धं भाषांतर. शिक्षणाचा सविस्तर आराखडा ज्यात आहे ते ‘रिपब्लिक’ लॅटिनमध्ये यायला पंधरावं शतक उजाडलं. म्हणजे पाया होता, पण मूळ नकाशातल्या एका कोपऱ्याचाच, आणि त्या कोपऱ्यावरच शाळेची इमारत चढत गेली होती.

असं का झालं, हे समजण्यासाठी आधी सिसेरोपाशी जायला हवं. रोमन उच्चवर्ग ग्रीक शिकून मोठा होत असे. तत्त्वज्ञान वाचायचं तर ते ग्रीकमध्येच, हा शिरस्ता. इ.स.पू. ४५मध्ये मुलगी टुलिया गेल्यावर, राजकारणातून बाजूला फेकला गेलेला सिसेरो झपाटल्यासारखा लॅटिनमध्ये तत्त्वज्ञान लिहीत सुटला. त्याच्या ‘ॲकॅडेमिका’ या संवादात व्हॅरो एक हरकत घेतो: ज्यांना ग्रीक येतं ते मुळातूनच वाचतील, आणि ज्यांना येत नाही त्यांना या विषयाचीच गोडी नसणार, मग लॅटिनचा खटाटोप कुणासाठी? काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा दोनशे पानी ‘परिचय’ मराठीत करून द्याल का, असं मला एका प्रकाशकाने विचारलं. त्याऐवजी प्लेटोचा एखादा संवाद अख्खा करू या, असं मी सुचवलं. ज्यांना खोलात जायचंय ते इंग्रजीत वाचतातच की, हे उत्तर आलं. व्हॅरोला दोन हजार वर्षं झाली, पण त्याची हरकत अजून धडधाकट आहे.

सिसेरोने ती जुमानली नाही. ‘क्वालितास’ हा शब्द त्याने ग्रीक शब्दावरून पाडला, ‘मोरालिस’ हाही त्याचाच. नैतिकता किंवा गुण यांच्याविषयी युरोपातल्या निम्म्या भाषा आज ज्या शब्दांत बोलतात, ते एका भाषांतरकाराच्या अडचणीतून जन्मले आहेत. आणि त्याचं लॅटिन कुणासाठी होतं, याचा पुरावा चार शतकांनी उत्तर आफ्रिकेत सापडतो. शाळेत ग्रीकचा तिटकारा असलेला ऑगस्टीन एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा ‘हॉर्टेन्सियस’ वाचून तत्त्वज्ञानाकडे वळला. तो ग्रंथ आता हरवला आहे. प्लेटोपंथीयांची पुस्तकंही ऑगस्टीनने वाचली ती मारियस व्हिक्टोरिनसच्या लॅटिन भाषांतरातून.

बोएथियसच्या वेळेपर्यंत पश्चिमेत ग्रीक जाणणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. हा रोमचा खानदानी माणूस इ.स. ४८०च्या सुमारास जन्मला. वडील लवकर गेले, सिम्माकस नावाच्या विद्वान सिनेटरच्या घरी तो वाढला आणि पुढे त्याचा जावई झाला. इटलीवर तेव्हा ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकची सत्ता होती. बोएथियस ५१०मध्ये कॉन्सल झाला. ग्रीक संपत चाललं आहे हे त्याने ओळखलं होतं, आणि ‘ऑन इंटरप्रिटेशन’वरच्या दुसऱ्या भाष्यात त्याने आपला संकल्प लिहून ठेवला: ॲरिस्टॉटलचे हाती लागतील ते सगळे ग्रंथ आणि प्लेटोचे सगळे संवाद लॅटिनमध्ये आणायचे, आणि मग दोघांचा मुळात मेळ कसा आहे तेही दाखवायचं. राज्यकारभार सांभाळून, एकट्याने.

त्याने सुरुवात कुठून केली, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या काळच्या ग्रीक विद्यापीठी परंपरेत वाचनाचा क्रम ठरलेला होता. आधी तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरीची ‘इसागोगे’, म्हणजे प्रवेशिका. मग ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र. मग नीती, निसर्ग, तत्त्वमीमांसा. आणि शेवटी, कळस म्हणून, प्लेटो. बोएथियस शहाण्या विद्यार्थ्यासारखा याच क्रमाने निघाला. ‘इसागोगे’वर पहिलं भाष्य त्याने व्हिक्टोरिनसच्या भाषांतराच्या आधारे लिहिलं. ते भाषांतर जागोजागी अडवू लागलं, म्हणून त्याने स्वतः नवं भाषांतर केलं आणि त्यावर पुन्हा सगळं भाष्य लिहिलं. आपण शब्दाला शब्द ठेवणाऱ्या इमानी दुभाष्याचा दोष पत्करला आहे, अशी कबुली तो देतो. पण ज्ञानाच्या ग्रंथात भाषेच्या डौलापेक्षा नेमकेपणा मोलाचा, अशी त्याची भूमिका आहे. पुढे त्याने तर्कशास्त्राची आणखी भाषांतरं केली. त्यांतली काही नंतरची सहाशे वर्षं जवळजवळ कुणी उघडलीच नाहीत.

५२४च्या सुमारास राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला मारण्यात आलं. नीतीपर्यंत तो पोचला नव्हता. प्लेटो तर फारच लांब. यादीतल्या तळमजल्यापर्यंतच काम झालं होतं.

शाळा मात्र थांबत नाही. तिच्यापाशी जे पुस्तक असतं तेच ती शिकवते. तर्क हाती होता, म्हणून तर्क हाच विद्यार्थ्याच्या घडणीचा कणा झाला. गंमत अशी की ‘रिपब्लिक’मधल्या अभ्यासक्रमाची सावली तिथे होतीच. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार विषयांना चौरस्ता या अर्थाचं लॅटिन नाव देणारा बोएथियसच. ‘क्वाड्रिव्हियम’ म्हणून ते शतकानुशतकं घोकलं गेलं. प्लेटोच्या आराखड्यात ही गणितं पुढच्या वाटेची तयारी होती: तिशीनंतर पाच वर्षं द्वंद्वविचार, मग पंधरा वर्षं लोकांत राहून कारभार, आणि पन्नाशीला श्रेयाचं दर्शन. लॅटिन शाळेत तयारी पोचली, पण ती कशासाठी हे सांगणारं पुस्तक आलं नाही.

पॉर्फिरीच्या प्रवेशिकेच्या आरंभी एक परिच्छेद आहे. जाती आणि उपजाती या खरोखर अस्तित्वात आहेत की नुसत्या विचारात? असल्या तर मूर्त की अमूर्त? वस्तूंपासून वेगळ्या की वस्तूंमध्येच? हे तीन प्रश्न मांडून पॉर्फिरी म्हणतो की विषय खोल आहे, नवशिक्यांसाठी लिहिताना यात शिरत नाही. (आमच्या अकरावीच्या तर्कशास्त्राच्या वर्गात ‘माणसाची जात कोणती?’ असं सरांनी विचारल्यावर सगळा वर्ग गप्प झाला होता. ‘प्राणी’ हे उत्तर हवं होतं. कोणत्या भाषेत कोणता पारिभाषिक शब्द काय ओझं घेऊन येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.) ज्यांच्यापाशी नीती, निसर्ग आणि तत्त्वमीमांसेची पुस्तकं होती त्यांच्यासाठी हा उंबऱ्यावरचा प्रश्न होता. लॅटिन शाळांकडे उंबराच होता, घर नव्हतं. त्यामुळे अकराव्या-बाराव्या शतकांत रोसेलिन, शाम्पोचा विल्यम, अबेलार यांनी याच प्रश्नावर आपली बुद्धी पणाला लावली. गुरू हरले, शिष्य जिंकले, पॅरिसच्या टेकडीवर अबेलारला ऐकायला मुलांची झुंबड उडाली. त्यातून निघालेला युक्तिवाद आजही वाचताना दम लागतो, इतका तल्लख आहे. अपुऱ्या साधनांतून काहीच उगवत नाही, असं मी म्हणणार नाही.

पण त्याच टेकडीवर १९३६ नव्हे, ११३६ साली शिकायला आलेला इंग्रज विद्यार्थी, सॉल्झबरीचा जॉन, आपल्या ‘मेटालॉजिकॉन’मध्ये दुसरी बाजू सांगतो. जवळपास बारा वर्षं वेगवेगळ्या गुरूंकडे शिकून तो जुन्या सोबत्यांना भेटायला गेला. ते तिथेच होते, तेच जुने प्रश्न घेऊन, आणि त्यात त्यांनी इवलीशीही भर घातली नव्हती. एकट्या तर्कावर वाढवलेलं शिक्षण वांझ राहतं, अशी त्याची तक्रार आहे. ती करताना तो कुणालाही मूर्ख ठरवत नाही, हे मला आवडतं.

उरलेला ॲरिस्टॉटल कुठे होता? अरबीत. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक आणि त्याचे सहकारी अनेक ग्रीक हस्तलिखितं ताडून मगच भाषांतराला हात घालत. गॅलेनच्या एका पुस्तकासाठी हुनैन सीरिया, पॅलेस्टाईन करत अलेक्झांड्रियापर्यंत हिंडला आणि दमास्कसमध्ये त्याला सुमारे अर्धं पुस्तक मिळालं. बाराव्या शतकात कोर्दोबाच्या इब्न रुश्दने ‘रिपब्लिक’वर भाष्य लिहिलं आणि त्याचं कारणही दिलं: ॲरिस्टॉटलचं ‘पॉलिटिक्स’ त्याच्या हाती आलं नव्हतं. शतकभराने लॅटिनमध्ये नेमकं उलट झालं. १२६०च्या सुमारास मूर्बेकेच्या विल्यमने ‘पॉलिटिक्स’ उतरवलं आणि ‘रिपब्लिक’ आणखी दीडशे वर्षं आलं नाही. एका बाजूला तत्त्वज्ञ राजाचं स्वप्न, दुसऱ्या बाजूला नागरिकांच्या राज्याचा हिशेब. पुस्तकं जशी हाती आली तशी त्या त्या ठिकाणची राजकीय चर्चा त्यांच्याभोवती बांधली गेली. त्यातही ‘पॉलिटिक्स’चा आठवा भाग मुलांच्या शिक्षणाबद्दल आहे आणि तो मध्येच तुटतो.

बाराव्या शतकात दोन वाटांनी ॲरिस्टॉटल लॅटिनमध्ये शिरला. व्हेनिसचा जेम्स थेट ग्रीकमधून करत होता. तोलेदोत क्रेमोनाचा जेरार्ड अरबीतून करत होता. तो मुळात टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’च्या शोधात तिथे गेला आणि ११८७मध्ये मरेपर्यंत सत्तरएक ग्रंथ करून बसला. पुस्तकं आली तशी भीतीही आली. १२१०मध्ये पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवण्यावर बंदी आली, शिक्षा धर्मबहिष्काराची. १२१५च्या नियमांत तर्क चालू राहिला, निसर्ग आणि तत्त्वमीमांसा बंद, आणि ‘एथिक्स’ला सणासुदीच्या दिवशी परवानगी. १२२९मध्ये नव्या तुलूझ विद्यापीठाने जाहिरातच केली की पॅरिसला मना असलेली पुस्तकं आमच्याकडे शिकता येतील. आणि १२५५मध्ये पॅरिसच्या कला शाखेने सगळा ॲरिस्टॉटल अधिकृत अभ्यासक्रमात घेतला. कोणत्या पुस्तकाला किती आठवडे, कोणत्या तारखेच्या आत संपवायचं नाही, हेही ठरवलं; कारण अध्यापक भराभर पोर्शन उरकत होते. तत्त्वज्ञान युरोपीय शिक्षणाचा पाया झालं त्याची एकच तारीख द्यायची झाली, तर मी हे वर्ष देईन. अथेन्समधलं कोणतंही वर्ष देणार नाही.

भाषांतर झालं की काम झालं, असंही नाही. सिसिलीतल्या हेन्री अरिस्तिप्पसने बाराव्या शतकाच्या मध्यातच प्लेटोचे ‘मेनो’ आणि ‘फायडो’ लॅटिनमध्ये आणले होते. सद्गुण शिकवता येतो का, हा ‘मेनो’चा पहिलाच प्रश्न, शाळेला याहून जवळचा प्रश्न कोणता? पण अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती आणि हस्तलिखितं मोजकीच राहिली. उच्च शिक्षण भारतीय भाषांतून द्यावं, असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. त्यासाठी परिचयग्रंथांची तयारी होताना मी पाहते, तेव्हा मला अरिस्तिप्पस आठवतो, आणि बोएथियसची सुरुवातही आठवते. आधी प्रवेशिका, मग बाकीचं, हा क्रम चुकीचा म्हणता येत नाही. फक्त मध्ये सहाशे वर्षं जाऊ शकतात. मी सध्या ‘मेनो’ करते आहे, तीन इंग्रजी भाषांतरं आणि एक ग्रीक कोश शेजारी ठेवून. ‘अरेते’ला सद्गुण म्हणायचं की सामर्थ्य, यावर तीन आठवडे अडले आहे.

प्लेटोचे सगळे संवाद लॅटिनमध्ये छापून निघाले १४८४ साली, फ्लोरेन्समध्ये, मार्सिलिओ फिचिनोच्या भाषांतरात. बोएथियसच्या मृत्यूनंतर ९६० वर्षांनी त्याच्या यादीचा दुसरा अर्धा भाग पुरा झाला.

तुरुंगात शेवटच्या दिवसांत त्याने एक पुस्तक लिहिलं, ‘तत्त्वज्ञानाचं सांत्वन’. त्यात तत्त्वज्ञान एका बाईच्या रूपात त्याच्या कोठडीत येते. तिच्या वस्त्रावर खाली ‘पाय’ आणि वर ‘थीटा’ ही ग्रीक अक्षरं विणलेली आहेत, कृती आणि चिंतन यांची, आणि मध्ये शिडीसारख्या पायऱ्या. वस्त्र फाटलेलं आहे. ज्याच्या हाती जो तुकडा लागला तो त्याने ओढून नेला आहे. हे पुस्तक शाळाशाळांतून वाचलं गेलं. चॉसरने ते इंग्रजीत आणलं, आणि १५९३मध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिने, कारभारातून वेळ काढून, स्वतः पुन्हा एकदा भाषांतरित केलं. बोएथियसच्या यादीत ते कुठेच नव्हतं.