सूतिकाज्वर

* सूतिकाज्वर : बाळंतपणात जननमार्गातून जंतुसंसर्ग होऊन येणारा ताप. त्यातला सर्वांत घातक जंतू ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस. घसादुखी आणि त्यामागून येणारा संधिवाताचा ताप यांच्याही मुळाशी तोच असतो.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी त्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी अनेक नामवंत डॉक्टरांनी ते मानले नाही. त्यापायी पुढेही कित्येक बाळंतिणींचा जीव गेला.

१८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमधील सभेत माळेसारखे जोडलेले हे जंतू फळ्यावर काढून दाखवले. १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी प्रोन्टोसिल या सल्फा औषधाने अनेकींना वाचवले. पेनिसिलिनपुढे हा जंतू आजही टिकत नाही.